अनुराधपूर ते कँडी: स्तूप, चंद्रशिला आणि दगडी बुद्ध जागेवर उभे राहून 'वाचायचे' कसे?

लेणीवेडा

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर सहा दिवस श्रीलंकेला जाणे आहे. अनुराधपूर, मिहिंतले, पोलोन्नरुवा, सिगिरिया आणि शेवटी कँडी असा बेत. कार्ले, भाजे, कान्हेरी, अजिंठा बऱ्यापैकी परिचयाचे आहेत, त्यामुळे चैत्य म्हणजे काय नि विहार म्हणजे काय इथपासून सुरुवात नको.

शंका अशा. फोटोंत सगळे स्तूप सारखेच पांढरेफेक दिसतात. त्यातले जुने काय आणि अलीकडचे काय हे तिथे गेल्यावर कळते का? पायऱ्यांपुढच्या अर्धवर्तुळाकार कोरीव शिळेचा एवढा गवगवा का? पोलोन्नरुवाच्या गल विहारातली उभी मूर्ती बुद्धाची की त्याचा शिष्य आनंद याची? आणि सगळ्यात मूळ शंका: इतके भिक्षू, इतके खडक, तरी आपल्यासारखी कोरून काढलेली लेणी तिकडे का नाहीत?

'अप्रतिम', 'चुकवू नका' असे प्रतिसाद नकोत. तपशील हवेत.

---

विटकर

स्तूपांबद्दल लिहितो, बाकीचे इतर जण सांगतीलच.

पहिले पथ्य: तिकडे आकारावरून काळ ठरवायचा नाही. परंपरेने स्तूपाचे सहा आकार सांगतात: घंटा, घट, पाण्याचा बुडबुडा, धान्याची रास, कमळ आणि आवळा. वाचायला छान वाटते, पण जागेवर फसगत होते. अनुराधपूरचा थूपाराम घ्या. देवानंपिय तिस्स राजाच्या काळचा, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातला, बेटावरचा पहिला स्तूप. तो मुळात धान्यराशीच्या आकाराचा होता. १८६२च्या जीर्णोद्धारात त्याची घंटा झाली. म्हणजे आज जे बाह्यरूप दिसते ते एकोणिसाव्या शतकातले आणि भोवतीचे सडपातळ दगडी खांब मात्र खरेच प्राचीन. रुवन्वेलिसायचेही तसेच. दुट्टगामणी राजाने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात बांधायला घेतलेला हा स्तूप एकोणिसाव्या शतकात झाडोऱ्याने भरलेली टेकडी झाला होता. आजचा गुळगुळीत पांढरा घुमट १९४०मध्ये पुरा झालेल्या जीर्णोद्धाराचा आहे.

त्यामुळे नजर खालून वर न्या. आधी वाळूचे अंगण, मग फरसबंद चौथरा, ज्याला तिकडे 'सलपतल मळुव' म्हणतात. त्यावर एकावर एक तीन गोल कडी, ती 'पेसाव'. मग घुमट. घुमटावर चौकोनी पेटी, 'हतरैस कोटुव', म्हणजेच आपल्या कार्ल्याच्या स्तूपावरची हर्मिका. तिच्यावर दंडगोलाकार 'देवता कोटुव' आणि सर्वांत वर कड्याकड्यांचा निमुळता शंकू. हा शंकू म्हणजे मूळच्या छत्रावल्याच. कार्ल्याला लाकडी छत्र सुटे उभे आहे. तिकडे एकावर एक छत्रे रचता रचता ती इतकी जवळ आली की शेवटी चिकटून भरीव विटकाम झाले. शंकूवरच्या आडव्या कड्या मोजल्या की छत्रांची आठवण तेवढी शिल्लक राहिलेली दिसते. आपल्याकडे लेण्यांवरच्या जुन्या लिखाणात स्तूपाला 'दागोबा' म्हटलेले वाचले असेल, तो शब्द इथलाच: धातुगर्भ, त्याचे सिंहलीत दागब.

चार दिशांना घुमटाला टेकून उभे असलेले कोरीव दर्शनी भाग म्हणजे 'वाहल्कड'. कोरीवकामासाठी इथे थांबा. मिहिंतल्याच्या कंटक चेतियाची वाहल्कडे सर्वांत जुन्यांपैकी आहेत. हत्ती, हंस, बुटके गण अशा ओळी थरांमध्ये बसवलेल्या आहेत. पांढरा रंग तिथवर पोचलेला नाही.

विटा पाहायच्या तर जेतवन. महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेला हा स्तूप मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता, आज ७१च्या आसपास उरला आहे. विटांचा अंदाज ९ कोटी ३३ लाख. त्या काळी गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर त्याच्याहून उंच काही नव्हते. त्यावर चुन्याचा मुलामा नसल्यामुळे बांधकाम उघडे दिसते. दोन विटांमधला सांधा पाहा: जुन्या कामात तो नखाएवढा पातळ असतो, कारण चुन्याचा जाड थर न घालता अगदी बारीक माती लोण्यासारखी कालवून वीट विटेवर जवळपास घासूनच बसवली जायची. जाड, करकरीत, सरळ रेषेतला सांधा दिसला की ते डागडुजीचे काम. जुन्या विटा आकाराने मोठ्या, नंतरच्या लहान, हेही साधारण खरे. पण विटा पाडून पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे एका विटेवरून निकाल देऊ नका.

या लोण्यासारख्या मातीचा उल्लेख महावंस या लंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथात रुवन्वेलिसायच्या पायाच्या वर्णनात येतो. गोल दगड आणून घणांनी फोडले, पायांना चामडे बांधलेल्या हत्तींकडून तुडवून घेतले. त्यावर माती, मग विटा, मग गिलावा, मग हिंगूळ, लोखंडी जाळी, खडी, स्फटिक, दगड. वर शहाळ्याच्या पाण्यात कालवलेला कवठाचा डिंक लावून आठ अंगुळे जाड तांब्याचा पत्रा, मग तिळाच्या तेलात खललेले मनशीळ-हरताळ लावून सात अंगुळे चांदीचा पत्रा. आकडे काव्यात्म धरा, पण थरांचा क्रम एखाद्या गवंड्याने सांगावा तसा आहे.

त्याच ग्रंथातला दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. राजा गवंड्यांना विचारतो, काम कसे करणार? पहिला म्हणतो, शंभर मजूर दिले तर दिवसाला एक गाडी वाळू वापरीन. राजा नाकारतो. पुढचे निम्मी, त्याच्याही निम्मी करत येतात, तेही नापास. शेवटचा म्हणतो, वाळू उखळात कांडीन, चाळीन, जात्यात दळीन आणि फक्त एक अम्मण (जुने माप) वापरीन. त्याला काम मिळते. राजाच्या मनात कारण एकच: या चैत्यावर गवत उगवता कामा नये. जाड, भुसभुशीत सांध्यात बी रुजते, मुळे विटा उचलतात, फटीत पाणी शिरते. विटांच्या घुमटाचे मरण असेच येते, आणि ते या राजाच्या गवंड्याला ठाऊक होते.

उलट अलीकडचा धोका वेगळा. जुन्या ठिसूळ गाभ्यावर नव्या विटांचे कवच चढवले आणि दोन्ही एकमेकांत नीट गुंतवले नाहीत, तर मधल्या फटीत पावसाचे पाणी साठते आणि कवच सुटते. मिरिसवैटिय स्तूपाचा घुमट जीर्णोद्धार चालू असतानाच १९८७ साली कोसळला. आज दिसतो तो त्यानंतर पुन्हा उभारलेला.

---

उंबरठा

विटकरांशी सहमत, आणि पुढे एक पाऊल: अनुराधपूर आणि पोलोन्नरुवा यांतला फरक ओळखायचा तर मान वर करूच नका, पायऱ्यांकडे पाहा. घुमट पुन्हा बांधले गेले, छपरे गेली. पायरी आणि तिच्यापुढची शिळा बहुतेक ठिकाणी जागची हललेली नाही.

आपण देवळाच्या उंबऱ्यापुढच्या अर्धगोल दगडाला चंद्रशिला म्हणतो, त्याच कुळातली ही 'सँदकडपहण'. सुरुवातीच्या शिळा अगदी साध्या, कोरीवकाम नसलेल्या. आंध्रात नागार्जुनकोंड्यालाही अशा शिळा आहेत, म्हणजे कल्पना एकट्या लंकेची नाही. पण तिच्यावर जे काम अनुराधपुरात झाले ते इतरत्र कुठे झाले नाही.

अनुराधपूरच्या अभयगिरी विहाराच्या परिसरात 'महासेनाचा राजवाडा' अशी ओळख असलेल्या जागी जा. राजवाडा वगैरे काही नाही, तो भिक्षूंचा विहार आहे. शिळा आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारची. बाहेरून आत या: पहिला पट्टा ज्वाळांचा. दुसऱ्यात हत्ती, घोडा, सिंह, बैल एकामागोमाग एक धावताहेत, आणि हे चौघेही एकाच पट्ट्यात आहेत हे लक्षात ठेवा. तिसऱ्यात नागमोडी वेल. मग हंसांची रांग. वाकून पाहिले तर प्रत्येक हंसाच्या चोचीत छोटी डहाळी आहे आणि कोरणाऱ्याने ती दर हंसाला थोडी वेगळी काढली आहे. मग पानाफुलांचा आणखी एक पट्टा आणि मधोमध अर्धे कमळ. उठाव अगदी कमी आहे, त्यामुळे भर दुपारी सगळे सपाट दिसते. सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर तिरप्या उजेडात गेलात तर घोड्याच्या गुडघ्याची हाडेसुद्धा उठून दिसतात.

आता पोलोन्नरुवा. तिथल्या वटदागेच्या, म्हणजे छोट्या स्तूपाभोवतीच्या गोल वास्तूच्या, उत्तर दारची शिळा पाहा. प्राण्यांना वेगवेगळे पट्टे मिळाले आहेत: हत्तींचा निराळा, घोड्यांचा निराळा. बैल गायब. १०१७ ते १०७० या चोळ अमलानंतर शिवाचे वाहन पायाखाली नको म्हणून बैल काढला, असे स्पष्टीकरण सहसा देतात. सिंहही पट्ट्यांतून गेला. म्हणजे चार प्राणी एका रांगेत दिसले तर अनुराधपूर, पट्टे वेगळे आणि बैल नाही तर पोलोन्नरुवा. कँडी काळात अर्धवर्तुळ ताणून जवळपास त्रिकोणी होते, प्राणी जातात आणि वेलबुट्टी उरते. एवढ्यावर दहापैकी आठ शिळा बरोबर ओळखाल.

अर्थाबद्दल थोडे सावध राहा. ज्वाळा म्हणजे तृष्णेचा दाह, चार प्राणी म्हणजे जन्म, जरा, व्याधी, मरण, हंस म्हणजे विवेक, कमळ म्हणजे निर्वाण, हे सगळे गाइड पाठ म्हणतात. ही सेनरत परणवितान या मोठ्या पुरातत्त्वज्ञाची विसाव्या शतकातली मांडणी आहे. सुंदर आहे, पण कुठल्या प्राचीन शिलालेखात लिहिलेली नाही, आणि सगळ्या अभ्यासकांना मान्यही नाही.

पायरीच्या दोन्ही बाजूंचे द्वाररक्षक दगड म्हणजे 'मुरगल'. साधा दगड, मग पूर्णकुंभ, मग बुटका गण, मग सात फण्यांचा नागराज असा त्यांचा विकास सांगतात. नागराजाच्या एका हातात कलश, दुसऱ्यात फुललेली फांदी, पायाशी गण. अभयगिरीच्या रत्नप्रासादाचा नागराज या सगळ्यांत सरस. त्यामागचा कठडा मकराच्या तोंडातून जिभेसारखा बाहेर पडतो. पायऱ्यांच्या उभ्या अंगावर दोन्ही हातांनी पायरी तोलून धरणारे ठेंगणे गण आहेत, लोक त्यांच्याकडे न बघता चढून जातात.

अवांतर: अनुराधपूरच्या पश्चिमेकडच्या तपोवनातले विहार जरूर पाहा. तिथे राहणारे पांसुकूलिक भिक्षू कडक व्रताचे. स्तूप नाही, मूर्तिगृह नाही, चंद्रशिला असेल तर कोरीपाटी. सगळ्या परिसरात नक्षी आहे ती फक्त मूत्रशिलांवर. पाय ठेवायच्या दगडांच्या मागे थाटाच्या इमारतीचा दर्शनी भाग कोरलेला! श्रीमंत विहारांच्या थाटमाटाची ही थट्टा होती असे बरेच अभ्यासक मानतात.

---

लेणीवेडा

@उंबरठा, मूत्रशिलेवर नक्षी! हे कुठल्याच पुस्तिकेत नव्हते. चार प्राण्यांची खूण वहीत उतरवली.

आता गल विहार आणि 'लेणी का नाहीत' यावर कोणी लिहील का?

---

कातळकडा

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच दगडात आहे.

सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. थर एकसारखे, आडवे, शेकडो फूट लांब. वरून खाली छिन्नीने उतरत गेले की दालन तयार होते. लंकेतला खडक म्हणजे मुख्यतः नीस, अतिशय जुना, कठीण, स्फटिकी. गोलसर डोंगर आणि प्रचंड शिळा हे त्याचे रूप. आत शिरून चैत्यगृह कोरणे म्हणजे पिढ्या संपतील. पण या शिळांच्या पोटाशी नैसर्गिक कपारी भरपूर. म्हणून तिकडे लेणे 'कोरले' नाही, 'सजवले'. कपारीच्या वरच्या कडेला कपाळपट्टीसारखी एक खोल चर मारली, तिला 'कटारम' म्हणतात. पावसाचे पाणी खडकावरून ओघळत आत येत असे, ते या चरीशी अडून पागोळ्यांसारखे बाहेर गळू लागले. मग खाली विटांची किंवा कुडाची भिंत घातली की भिक्षूचे घर तयार. मिहिंतल्याला, वेस्सगिरीला, दंबुल्ल्याला मान वर करून ही चर शोधा.

तिच्या खाली ब्राह्मी अक्षरे असतील. ती वाचता येत नसली तरी एक शब्द तुमच्या ओळखीचा आहे: 'लेणे'. या दानलेखांत गुहेला हाच शब्द आहे, आणि पुढे 'आगत अनागत चतुदिस शगश', म्हणजे आलेल्या आणि अजून न आलेल्या, चारी दिशांच्या संघाला. नाशिक-कार्ल्याच्या लेखांतला 'चातुदिस' भिक्षुसंघ तो हाच.

आता मूर्ती. गल विहार पराक्रमबाहू पहिला (११५३-८६) याच्या काळातला. एकाच कातळाच्या लांबट दर्शनी भागात चार मूर्ती: सुमारे साडेचार मीटरची बैठी, छोट्या कोरीव गुहेतली दीडेक मीटरची बैठी, सुमारे सात मीटरची उभी, आणि चौदा मीटरची पहुडलेली. ताजा, निर्दोष दगड मिळावा म्हणून कातळाचा चेहरा आधी बराच आत कापून काढला आहे. नीसमधल्या गडद-फिकट रेघा मूर्तींच्या अंगावरून आरपार जातात. पहुडलेल्या बुद्धाच्या चेहऱ्यावरून आणि खांद्यावरून त्या पाण्याच्या लाटेसारख्या वाहतात. शिल्पकाराला त्या टाळता येणारच नव्हत्या, त्याने त्यांना अंगावर घेतले.

उभी मूर्ती आनंदाची नाही. हात छातीशी दुमडलेले, चेहरा गंभीर आणि शेजारी परिनिर्वाण, म्हणून लोकांनी कथा जुळवली. पण पायाखाली कमळाचे आसन आहे, ते शिष्याला कोण देईल? दुसरे म्हणजे प्रत्येक मूर्तीपुढे पूर्वी विटांचे स्वतंत्र मूर्तिगृह होते. त्यांच्या भिंतींचे अवशेष आणि कातळातल्या खाचा दिसतात. उभी मूर्ती आणि पहुडलेली मूर्ती या वेगवेगळ्या खोल्यांत होत्या, एका नाट्यप्रसंगाच्या नव्हत्या. परदुःखाने दुःखी झालेल्या बुद्धाची ही मुद्रा मानतात.

पहुडलेला बुद्ध झोपला आहे की परिनिर्वाणात आहे, हे पायांवरून ओळखा. पावले नेमकी एकावर एक असतील तर विश्रांती. वरचे पाऊल किंचित मागे सरकले असेल तर परिनिर्वाण. इथे सरकले आहे. उशीवर डोक्याच्या भाराने पडलेला खळगाही बघा. दगडाची उशी दबलेली दाखवणे हे त्या कारागिराचे खरे कौशल्य.

अवुकनची सुमारे १२ मीटरची उभी बुद्धमूर्ती याआधीची, परंपरेने धातुसेन राजाच्या काळची, म्हणजे पाचव्या शतकातली. बाजूने जाऊन बघा: ती कातळापासून जवळजवळ सुटी आहे, फक्त पाठीमागे दगडाची अरुंद पट्टी आधाराला ठेवली आहे. पायाखालचे कमळासन मात्र वेगळ्या दगडाचे, नंतर बसवलेले. डोक्यावरची ज्वाळाही वेगळी जोडलेली. पूर्वेकडे तोंड आहे, म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला तास गाठा.

---

चुनखडी

सिगिरियाचे कोणीच लिहिले नाही, म्हणून.

अजिंठा पाहिलेल्याला सिगिरियाच्या कड्यावर रंगवलेल्या अप्सरा लगेच ओळखीच्या वाटतात, आणि काळही जुळतो. सिगिरिया उभारणाऱ्या काश्यप राजाची कारकीर्द ४७७ ते ४९५, आणि अजिंठ्याची वाकाटक हरिषेणाच्या वेळची लेणीही पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. शिवाय १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहलावदान, म्हणजे सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा, रंगवले आहे: राक्षसिणींचे बेट, उडता घोडा आणि शेवटी सिंहलाची सेना हत्तींसह बेटावर उतरते तो प्रसंग. लंकेला जाण्याआधी ती भिंत पुन्हा पाहून घ्या.

पण तंत्र सरसकट एक समजू नका. अजिंठ्याला माती, भाताचे तूस, तंतू यांचा जाड गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि कोरड्यावर डिंकाच्या बंधाने रंग. सिगिरियाला मातीच्या तुसाच्या थरावर चुना-वाळूचा थर आणि मग बारीक चुन्याचा गुळगुळीत थर. रंग ओल्यावर दिला की कोरड्यावर, यावर अजून वाद आहेत. डोळ्यांनी पडताळण्याजोगा फरक म्हणजे निळा. अजिंठ्यात वैडूर्याचा निळा आहे. सिगिरियात तांबडा, पिवळा, हिरवा, काळा, आणि निळा नाहीच.

चित्रकाराच्या चुका शोधायला मजा येते. एका आकृतीला तीन हात आहेत. आधी काढलेला हात पसंत पडला नाही, तो झाकून दुसरा काढला, आणि शतकांनंतर वरचा रंग विरल्यावर खालचा हात बाहेर आला.

काय बिघडले, तर चित्रे मुळात कड्याच्या बऱ्याच मोठ्या भागावर होती, आज एकोणीस-वीस आकृती उरल्या आहेत, त्याही पावसापासून वाचलेल्या खोबणीत. १९६७मध्ये कोणीतरी हिरवा रंग फेकला. इटलीचे लुचियानो मारांझी यांनी तो काढला. फोटोला बंदी आहे, कॅमेरा बाहेर काढूच नका.

खालच्या आरसेभिंतीवर घोटून चकचकीत केलेला चुना आहे, त्यावर जुन्या प्रवाशांनी त्या सुंदरींना उद्देशून कविता खरवडल्या. परणवितान यांनी त्यांतल्या ६८५ वाचून प्रसिद्ध केल्या. तिरप्या उजेडात अक्षरे दिसतात, सरळ उजेडात नाहीत. आणि बोटाने चाचपू नका, घामाने चुना काळा पडतो.

---

विटकर

@उंबरठा, वटदागेच्या उत्तर दाराबद्दल वाचून आठवले, छपराचा प्रश्न राहिलाच. मधे छोटा स्तूप, भोवती वर्तुळाकार खांब, हे पाहून लोक विचारतात की खांब नुसते शोभेचे का?

मेदिरिगिरियला जा, तिथे उत्तर मिळते. तीन वर्तुळांत १६, २० आणि ३२ मिळून ६८ खांब. आतले उंच, सर्वांत बाहेरचे त्यांच्याहून बरेच ठेंगणे. उतार खांबांतच आहे. वर लाकडी छप्पर होते.

---

उंबरठा

छप्पर होते इथवर मान्य. पण ते घुमटासारखे होते की टप्प्याटप्प्यांचे शंकूसारखे, हे खांबांवरून ठरत नाही. संग्रहालयातली प्रतिकृती पाहून 'असेच होते' असे समजू नका, तो एक तर्क आहे. थूपारामच्या खांबांवर तर छप्पर होते का, यावरसुद्धा एकमत नाही.

लाकूड कसे जोडायचे हे बघायचे तर कँडीजवळ एंबेक्के देवालय. ढोलवादकांच्या मंडपाच्या छपराच्या टोकाला २६ वासे एकाच लाकडी खुंटीत येऊन गुंततात. तिला 'मडोल् कुरुपाव' म्हणतात. खाली उभे राहून थेट वर बघा, वासे हाताच्या बोटांसारखे एका मुठीत आलेले दिसतात. खांबांवरच्या चौकटींत मल्ल, हंस, दुतोंडी गरुड. जवळच गडलादेणिय आणि लंकातिलक, दोन्ही १३४४ची. पहिले दगडी, दक्षिण भारतीय वळणाचे, दुसरे विटांचे. एका दुपारी तिन्ही होतात.

कँडी काळच्या चित्रांना अजिंठ्याचे डोळे लावू नका. लाल पार्श्वभूमी, आडव्या पट्ट्यांत जातककथा, खोलीचा आभास नाही, रिकामी जागा फुलांनी भरलेली. देगल्दोरुवचे लेणे यासाठी उत्तम, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. मूर्तीचे डोळे मात्र सर्वांत शेवटी रंगवायचे. चित्रकार मूर्तीकडे पाठ करून आरशात बघत खांद्यावरून कुंचला नेतो, कारण पहिली नजर थेट अंगावर घ्यायची नाही. हा नेत्रमंगल विधी अजूनही होतो.

---

कातळकडा

@लेणीवेडा, काही व्यवहाराच्या गोष्टी. डिसेंबर म्हणजे उत्तर लंकेचा पावसाळाच. दगड ओले असतील, नीसवरच्या रेघा ओल्या दगडात जास्त खुलतात हा फायदा, पण सिगिरियाच्या लोखंडी जिन्यांवर घसरायला होते. सहा दिवसांत क्रम असा ठेवा: दोन दिवस अनुराधपूर-मिहिंतले, अवुकन वाटेत, एक सकाळ सिगिरिया, दुपारी दंबुल्ला, मग पोलोन्नरुवा आणि जमले तर मेदिरिगिरिय, शेवटी कँडी. उलट गेलात तर चंद्रशिलेतला बैल कुठे गेला हे कळणार नाही, कारण तो आधी पाहिलेलाच नसेल.

पवित्र जागी चपला आणि टोपी दोन्ही काढावी लागतात. ऊन असेल तर फरशी तापते, जाड मोजे जवळ ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे लगेच हटकतात. चंद्रशिलांवर पाय ठेवू नका, काहींना कठडा आहे, काहींना नाही.

---

लेणीवेडा

वाचनखूण साठवली. क्रम पक्का: अनुराधपूर आधी. अवुकनला सूर्योदयानंतर पोचायचे तर आदल्या रात्री मुक्काम कलावेव तलावाच्या जवळपास करावा की अनुराधपुरातून पहाटे निघावे?

---

कातळकडा

अनुराधपुरातून पहाटे निघा. पन्नासेक किलोमीटर आहे, पण शेवटचा रस्ता अरुंद. वेळ उरला तर तिथून पुढे सस्सेरुवची उभी बुद्धमूर्तीही करा. तिचा एक कान अपुरा राहिला आहे आणि छातीवर तडा आहे. गुरू-शिष्याच्या पैजेची कथा सांगतील ती ऐका, आणि तडा कुठून सुरू होतो ते स्वतः बघा.